शलमोनाचा अध्याय माझ्या पाळीला आला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक महिन्यातून दोनच रविवार असतात. उरलेले रविवार त्यांना दुसऱ्या गावांच्या उपासनांना जावं लागतं, आणि मग संदेश द्यायची पाळी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आम्हा पंचांपैकी कोणावर तरी येते. वाचन आधीच ठरलेलं असतं. ज्याची पाळी, त्याला तो अध्याय. अवघड वाटला म्हणून बदलून मागायची पद्धत नाही. त्या भाद्रपदात माझ्या पाळीला बायबलच्या जुन्या करारातल्या राजांच्या इतिहासातला तो अध्याय आला, ज्यात शलमोन राजा म्हातारपणी बायकांच्या मागे जाऊन परक्या देवांसाठी टेकडीवर पूजेची स्थानं बांधतो आणि देव त्याच्यावर संतापतो.

पाळकांनी फोनवर हे सांगितलं आणि जरा जपून विचारलं,

"चालेल ना तुम्हाला?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो.

न चालायला काय झालं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या घराच्या मागच्या खोलीत दोन महालक्ष्म्या होत्या.

मी चिखलीत पाण्याच्या मोटारी भरून देतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. आमचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती आहे. बायको उंद्रीची, हिंदू शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. लग्न कोर्टात झालं. तिनं तिचा देव सोडला नाही आणि मी तिला सोड म्हटलं नाही. नाताळात ती मंडळीसाठी करंज्या करते, दिवाळीला मी तिच्याबरोबर उंद्रीला जातो, आणि एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

सासरे वारले आणि सासूबाई एकट्या पडल्या. मी त्यांना मामी म्हणतो. शेत त्यांनी पुतण्याला बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं दिलं आणि त्या भाद्रपदाच्या दोन वर्षं आधी आमच्याकडे राहायला आल्या. बरोबर एक लोखंडी पेटी होती. पेटीत पितळेचे दोन मुखवटे, जुन्या साड्यांत गुंडाळलेले. आमच्या भागात भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. मुखवट्यांना साड्या नेसवून उभं करतात, तीन दिवस त्यांचा माहेरवाशिणींसारखा पाहुणचार होतो, मधल्या दिवशी पंगती उठतात आणि ज्वारीच्या आंबिलीशिवाय ते जेवण पुरं होत नाही. एकदा ज्या घरात बसायला लागल्या, तिथे खंड पडू द्यायचा नसतो. मुलगा नसेल तर पुढे त्या पुतण्याकडे जातात. मामींना ते नको होतं.

"त्याच्या घरी बसवल्या त मी माह्याच महालक्ष्म्याइची पाव्हणी होऊन जाईन," त्या म्हणाल्या.

"मग इथंच बसवा, मामी," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे चमकून पाहिलं. "खरंच?" तिनं विचारलं. मला त्या क्षणी फार मोठं वाटलं. मी असा कोणी राजा माणूस आहे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली. आमच्याकडे मंडळीची घरसभा होते. लोक पुढच्या खोलीत बसतात, पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतात. त्यांना महालक्ष्म्या दिसल्या असत्या तर माझं पंचपद गेलं असतं. म्हणून मी स्वयंपाकघरामागे एक लहान खोली काढली, आत ओटा घातला. मिस्त्री म्हणाला, दार स्वयंपाकघरातूनच काढू, सोपं पडेल. मी नको म्हणालो. दार परसात काढायला लावलं. घराला वळसा घातल्याशिवाय ती खोली कोणाला दिसत नव्हती.

मामींना मी सांगितलं की देवीचं दार पूर्वेला असलेलं चांगलं. पाळकांना सांगितलं की मोटारी ठेवायला जागा केली आहे.

हे आता मी न अडखळता लिहू शकतो. तेव्हा दोन्ही वाक्यं तोंडातून इतकी सहज गेली की खोटं बोललो हेही लक्षात यायला वेळ लागला. पहिल्या वर्षी पंगतीच्या दिवशी सासरचे पाहुणे जमले होते. त्यांच्यासमोर मी ओट्यापुढे उभा राहिलो, हात जोडले, डोकं लववलं आणि पाहुण्यांनी पाहिलं की नाही हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं. माझा त्यावर विश्वास नव्हता. पुढच्या रविवारी मंडळीत प्रार्थना मीच चालवली. तिथेही लोक बघत होते.

पाळकांचा फोन आला त्याच आठवड्यात आमचे वडीलधारे पंच दुकानात आले. ते निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. समोर देऊळघाटचा एक शेतकरी मोटर घेऊन बसला होता.

"अध्याय कोणता आलाय ते कळलं," गुरुजी म्हणाले.

"हो गुरुजी."

"त्या खोलीत मोटारी नाहीत, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. लोक बोलून राहिलेत."

मी तार गुंडाळत राहिलो.

"मी म्हणतो, देवानंच संधी दिली," ते म्हणाले. "उभं राहा आणि सांगा, बाई माणसाचं मन वळवते, शलमोनासारख्या शहाण्याचं वळवलं तिथं आपण कोण? माझ्या घरातही तेच झालं म्हणा. सासूबाई आल्या, बायकोनं हट्ट धरला, मी घराच्या शांतीसाठी गप्प बसलो. माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणा. विषय संपला. लोक रडतीलसुद्धा."

"गुरुजी, यायले माही मोटर भरू द्या आंदी," देऊळघाटचा शेतकरी म्हणाला. "मंग रडवा कोणाले रडवाचं ते. माही मिरची सुकून राह्यली."

गुरुजी हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर तो सल्ला मला आवडला होता. ते गेल्यावर मी मनातल्या मनात संदेश जुळवायला लागलो. तरुण असताना मी हाच अध्याय तसाच ऐकला होता, आणि तरुण संघात एकदा तसाच सांगितलाही होता. परक्या बायकांनी राजा बुडवला. त्यात फक्त माझ्या घरातल्या दोघींना बसवायचं होतं.

संध्याकाळी बायको अंगणात अंबाडीची भाजी निसत होती. मामी तिच्याशेजारी बसल्या होत्या.

"कोणता अध्याय आहे तो, मोठ्यानं वाचा ना," बायको म्हणाली.

मी वाचला. मामी मन लावून ऐकत होत्या.

"सातशे बायका?" त्यांनी मध्येच थांबवलं. "लग्नाच्या?"

"हो."

"अन् वरून तीनशे अजून?"

"हो मामी."

"बापा! भाजी निसाले बाया कमी पडत नसतीन त्याच्या घरी."

बायको इतकी हसली की तिच्या मांडीवरची भाजी सांडली. मी पुढे वाचलं. देव कोपला तिथे मामींनी हात वर करून पुन्हा थांबवलं.

"काऊन कोपला?"

"बायकांच्या देवांसाठी स्थानं बांधून दिली म्हणून. आणि त्याचं स्वतःचंही मन तिकडं वळलं म्हणून."

"बांधून देल्लं त वाईट काय केलं त्यानं? बायकोचं मन राखलं. माह्या जवायानं नाई का मले खोली बांधून देल्ली?" त्या मुलीकडे वळल्या. "मिस्त्री त सैपाकघरातून दार काढत होता. जवाई म्हने, नाई, मामीच्या देवीचं दार पूर्वेलेच पाह्यजे. म्या उंद्रीत सगळ्याइले सांगतलं. सख्खा पोरगा नसता पाह्यत एवढं."

बायकोचं हसणं थांबलं. दार परसात का आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती खाली मान घालून भाजी गोळा करायला लागली.

"मी बी येईन रविवारी तुमच्या चर्चात," मामी म्हणाल्या. "आयकू द्या मले जवायाचं भाषण."

आता प्रश्न सरळ झाला होता. मला माझं पंचपद वाचवायचं असेल तर समोर बसलेल्या या बाईवर सगळं ढकलून द्यावं लागणार होतं, तिच्याच देखत. आणि लाज वाटते सांगायला, तरी त्या रात्री झोपेपर्यंत मी तेच कसं मऊ शब्दांत करता येईल याचा विचार करत होतो.

तो बेत मोडला दुसऱ्या दिवशी दुपारी. आमची मुलगी तेव्हा दहावीत होती. मंडळीतल्या तिच्या दोन मैत्रिणी गाण्याच्या सरावासाठी येणार होत्या. दारावर त्यांचा आवाज आला. मुलगी उठली, पण पुढचं दार उघडायला गेली नाही. आधी मागे गेली, खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली, परसाकडची खिडकी ओढून घेतली आणि मग हसत पुढे जाऊन त्यांना आत घेतलं.

मैत्रिणी गेल्यावर मी विचारलं, "कडी कशाला लावलीस?"

"लावायची असते ना," ती म्हणाली.

तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या अध्यायात देव शलमोनाला म्हणतो की राज्य मी तुझ्या हयातीत नाही, तुझ्या मुलाच्या हातून फाडून घेईन. मी आजवर यात देवाची सवलत पाहत आलो होतो. बापानं पाप केलं तरी त्याचे दिवस निभावले, असं. कडी लावून हसत दार उघडणारी माझी मुलगी पाहिली तेव्हा ही शिक्षा किती कडक आहे ते कळलं. मी जे लपूनछपून केलं, ते तिच्या हाताला वळण म्हणून लागलं होतं.

मग मी तो अध्याय परत वाचला, या वेळी काही जुळवायचं नाही असं ठरवून. देवाचा राग कोणावर आहे, एवढंच शोधलं. राग राजावर आहे. कारणही दिलं आहे. देव त्याला दोनदा भेटला होता, समोर येऊन बोलला होता, तरी राजाचं मन पुरतं देवाकडे राहिलं नाही. बायकांवर देव संतापल्याचं मला तिथे कुठे सापडलं नाही. त्या बिचाऱ्यांच्या तोंडी त्या अध्यायात एक वाक्यही नाही. त्या त्यांच्या देवांना धरून होत्या. कबूल केलेलं मोडणारा एकच माणूस त्यात आहे, आणि तो राजवाड्यात बसला आहे.

मी शास्त्र माझ्या सोयीनं वाकवत नाही. स्थानं बांधणं हेही तिथे पापच धरलं आहे, आणि माझ्या खोलीविषयी देवाचं काय म्हणणं आहे ते मी त्याला अजून विचारत असतो. पण मन दोन ठिकाणी ठेवल्याविषयी त्याचं काय म्हणणं आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

रविवारी मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. कपाळावर ठसठशीत बुक्का. गुरुजींनी उठून त्यांना पंख्याखाली जागा करून दिली. बायको आणि मुलगी त्यांच्या दोन बाजूंना बसल्या.

मी मोटारीपासून सुरुवात केली, कारण आमच्या मंडळीत निम्मे लोक शेती करतात. म्हणालो, तीन फेजपैकी एक गेला तर चालती मोटर लगेच बंद पडत नाही. फिरत राहते. आवाज थोडा बदलतो. मालकाला वाटतं, चालू आहे. आत तार जळत असते. दुकानात आणतात तेव्हा वरून रंगसुद्धा उडालेला नसतो. पुरुषांच्या बाजूला दोघातिघांनी माना हलवल्या. शलमोनाचं तसं झालं, मी म्हणालो. त्याच्या स्वतःच्या देवाच्या मंदिरातली अर्पणं चालूच होती. टेकडीवरही धूर निघत होता. लोकांना वाटलं, राजा सगळं सांभाळतो.

मग मी घरावर आलो. गुरुजी पुढे सरकून बसले.

"देव बायकांवर रागावला असं मला या अध्यायात सापडलं नाही," मी म्हणालो. "म्हणून मीही माझ्या घरच्या बायांवर काही ढकलणार नाही. इथंच बसवा, हे मी म्हणालो. कोणी हट्ट धरला नव्हता. खोली मी बांधली. दार परसात काढलं ते तुम्हाला दिसू नये म्हणून. पूर्वेचं निमित्त होतं. तिथं मी हात जोडले ते पाहुण्यांनी चांगला म्हणावं म्हणून, आणि इथं प्रार्थना चालवली तीही पुष्कळदा त्याचसाठी. पाळकांना मोटारींची खोली सांगितली, ते खोटं होतं. देव कोणावर रागावला असेल तर तो माझ्यावर."

कोणी रडलं नाही. मी मामींकडे पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता.

बाहेर चपला घालताना गुरुजी म्हणाले, "मी सांगितलं काय आणि तुम्ही केलं काय! मंडळीची लाज मंडळीसमोर काढली तुम्ही." पुढच्या आठवड्यात पाळकांनी बोलावून सांगितलं की तूर्त पंच म्हणून काम करू नका, संदेशही नको. ते योग्यच होतं. मी त्यांना तसं म्हणालो. घरी येताना मला बऱ्याच वर्षांनी कडकडून भूक लागली होती.

पण त्या रविवारी ऑटोतून परतताना मामींनी तोंड बाहेरच्या बाजूला केलं होतं. घरात पाय ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"म्या काय चोरीचं आनलं होतं?"

"नाही मामी."

"जागा नाई म्हनले असते, त मी पुतन्याकडे गेली असती. लपवून ठेवलं तुमी माह्या देवीले. अन् मी येडी गावभर सांगत फिरली, पूर्वेले दार, पूर्वेले दार!"

"चुकलं मामी."

"चुकलं म्हनू नका आता. सगळ्याइच्या समोर म्हनून झालं तुमचं."

त्या पेटी भरायला बसल्या. महालक्ष्म्या यायला चार-पाच दिवस उरले होते. मी स्वयंपाकघरात बायकोजवळ जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, ती तरी म्हणेल, बरं केलंत.

"बरं केलंत," ती म्हणाली. "पण आईला आधी घरी सांगायला पाहिजे होतं. तिला लोकांत बसून कळलं ते."

ती बरोबर बोलत होती. मन मोकळं करतानाही मी लोकांसमोरची जागाच निवडली होती. हे ओझं मी उतरवलेलं नाही, आणि उतरवायची घाईही नाही.

मामी उंद्रीला पुतण्याच्या घरी गेल्या. बायको आणि मुलगी मदतीला गेल्या. मला कोणी या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. पंगतीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून मोटरसायकलवर निघालो. वाटेत एकदाही परत फिरावंसं वाटलं नाही.

पुतण्याचं अंगण माणसांनी भरलं होतं. चुलीवर मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आंबील रटरटत होती आणि मामी ती ढवळत होत्या. मी सरळ त्यांच्यापाशी गेलो.

"मामी, एक सांगतो आधी. मी आत जाऊन हात जोडणार नाही. मागं जोडले ते खोटे होते, तसे आता जोडले तर तुमच्या देवीचाही अपमान आणि माझ्या देवाचाही. पण तुमच्या घरचं काम आहे. पाणी आणायचं असेल, वाढायचं असेल, तर सांगा."

आजूबाजूच्या बायांतली एक म्हणाली, "हे काय बोलाचं झालं सणावारी?" मामी ढवळत राहिल्या. शेवटी पुतण्यानंच तोंड उघडलं. तो थट्टेखोर माणूस आहे.

"जवाई, हात जोडत नसान त हात धुवा," तो म्हणाला. "पन्नास लोकं उपाशी बसले हायेत. भाकरीची टोपली घ्या अन् लागा."

मी हात धुतले आणि भाकरी वाढायला घेतली. मग वरण, मग सोळा भाज्यांची मिसळलेली भाजी. मुलगी पाणी वाढत होती. ओळीच्या टोकाला आम्ही समोरासमोर आलो तेव्हा तिनं तांब्या डाव्या हातात घेऊन माझ्या कपाळावरचा घाम तिच्या ओढणीनं पुसला. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मी त्याच्यासमोरून चार वेळा गेलो-आलो असेन. मान खाली घातली नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

दुसरी पंगत बसली तेव्हा मामींनी मला बोट दाखवून बोलावलं.

"पुढच्या साली महालक्ष्म्या कुठी बसवाच्या ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या.

"हो मामी."

"तुमी नाई."

"नाही."

"तुमच्याकडे बसवा असं म्हनून नाई राह्यली मी. नाई बसवत असं बी नाई म्हनत. मले अजून राग हाये तुमचा."

"हो."

त्यांनी गंजातून आंबील एका बादलीत ओतली, कडीला फडकं गुंडाळलं आणि बादली माझ्यापुढे सरकवली.

"घ्या. कडंच्या ओळीले पोचली नाई अजून. अन् सांभाळून न्या, गरम हाये."